मायचा उजवा कप्पा

सतरा वर्षं झाली, आठवीच्या फळ्यावर मी हृदय काढतो. उजवीकडं निळा खडू, डावीकडं लाल. खालच्या दोन कप्प्यांपैकी डाव्याची भिंत जाड काढायची, कारण त्याला रक्त थेट डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत ढकलायचं असतं. उजव्याची बारीक, कारण त्याला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच पोचवायचं असतं. फरक स्पष्ट करा, दोन गुण. कुणी त्या कप्प्याला निलय म्हणतं, कुणी जवनिका. नाव कोणतंही घ्या, या एका वाक्यापलीकडं उजव्या कप्प्याबद्दल माझ्याकडं सांगायला काही नव्हतं. पोरांनी कधी विचारलं नाही, मलाही कधी गरज वाटली नाही.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आसपास मायच्या पायावर सूज आली.

आमचं गाव केज तालुक्यातलं. माय पासष्टीची. सूज संध्याकाळी वाढायची, सकाळी थोडी उतरायची. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि कितीतरी वेळ तसाच राहायचा. दम तर तिला चार-पाच वर्षांपासून लागत होता, पण वय झालं म्हणून आम्ही तिकडं बघितलं नव्हतं. खोकलाही होता, तो ‘तिचा नेहमीचाच’. घरात विज्ञानाचा मास्तर असून ही गत.

जवळच्या एका डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि रक्त कमी आहे म्हणाले. रक्तवाढीची बाटली दिली, दोन दिवस सलाईन लावली. सलाईन खरं तर आम्हीच मागितली होती. आपल्याकडं सलाईन लावल्याशिवाय डॉक्टरनं काही केलं असं कुणाला वाटतच नाही. तिसऱ्या दिवशी सूज घोट्यावरून पोटरीवर चढली. मग भावकीत ठरलं, पायावर सूज म्हणजे किडनी. क्रिएटिनिन काढलं, ते चांगलं निघालं. त्यात महिना गेला.

दसऱ्याच्या आधी एका रात्री तिला आडवंच होता येईना. “दम लागायलाय रे, अजून एक उशी दे.” उशा संपल्या तशी ती भिंतीला टेकून बसली. ओठ जांभळे दिसत होते. शेजारच्यांची बोलेरो काढली. चुलतभावाच्या पाकिटात सॉर्बिट्रेटची पट्टी कायम असते. छातीचं काही वाटलं की जिभेखाली ठेवायची, हे आता गावागावांत पाठ झालंय. ठेवली. लोखंडी सावरगाव मागं पडलं आणि मायनं मान टाकली. अंगाला गार घाम, हाक मारली तर ओ नाही. चार-पाच मिनिटांनी डोळे उघडले, पण तेवढ्या वेळात मी आयुष्यातली सगळी नवसं बोलून घेतली. अंबाजोगाईला थांबायला हवं होतं. पण मेहुणा लातूरला, त्याच्या ओळखीचे डॉक्टर लातूरला, म्हणून गाडी थांबवली नाही. तसं पुन्हा करणार नाही.

लातूरला बोटाला चिमटा लावला तर आकडा ७८. ऑक्सिजन लावला, ईसीजी काढला. नेहमीच्या डाव्या बाजूला काढून झाल्यावर डॉक्टर बाईंनी छातीवरची बटणं उचलून उजव्या बाजूला लावायला सांगितली आणि पुन्हा काढला. मला वाटलं आधी चुकलं असेल. मग त्यांनी विचारलं, “सॉर्बिट्रेट कुणी दिली?” चुलतभाऊ माझ्यामागं सरकला.

त्या रागावल्या नाहीत, समजावून सांगितलं. उजवा कप्पा भरावावर चालतो. मागून शिरांतलं रक्त येईल तेवढंच तो पुढं ढकलणार. ही गोळी शिरा सैल करते, रक्त शिरांतच रेंगाळतं, कप्पा पुरता भरत नाही. आधीच थकलेला असला तर बीपी कोसळतं. हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक असेल तर त्यात उजवा कप्पाही सापडलाय का ते बघावं लागतं, कारण बहुतेक माणसांत दोन्हीकडं रक्त नेणारी धमनी एकच असते, उजवी. म्हणून ती उलट्या बाजूची पट्टी. तसं निघालं तर ही गोळी टाळायची, आणि बीपी पडलं असेल तर जपून सलाईन द्यायची. मायला अटॅक नव्हता. म्हणजे जी सलाईन तिकडं औषध, तीच आमच्याकडं सूज वाढवून बसली होती. आणि रक्त कमी आहे म्हणून जिला बाटली पाजली, तिचं हिमोग्लोबिन निघालं १६.८. कमी नव्हतं, जास्त होतं. वर्षानुवर्षं प्राणवायू अपुरा पडला की शरीर लाल पेशी वाढवत नेतं. हे मला ठाऊक होतं. डोंगराळ भागातल्या माणसांचं उदाहरण देऊन मी ते शिकवतो.

सकाळी बाई राउंडला आल्या. मायला अर्धवट उठवून टेकवलं, मान डावीकडं वळवायला लावली. गळ्यातली शीर कानाच्या पाळीपर्यंत थडथडत होती. बरगडीखाली उजव्या बाजूला, जिथं यकृत असतं तिथं, त्यांनी तळहातानं दाबलं तशी शीर आणखी वर चढली. “धरणावर पाणी मोजायची पट्टी रंगवलेली असते ना, तसली ही पट्टी,” त्या म्हणाल्या. उजवा कप्पा पुढं ढकलू शकला नाही की तुंबारा मागं येतो. मान, यकृत, पोट, शेवटी पाय.

मग त्यांनी माझा हात धरून मायच्या छातीच्या मधल्या हाडावर ठेवला. हात दर ठोक्याला वर उचलला जात होता. “हा उजवा कप्पा. जाड झालाय, म्हणून हाताला लागतोय.”

मी म्हणालो, हे तर मधोमध आहे. त्या हसल्या. फळ्यावर तो उजवीकडं असतो. छातीत तो पुढं असतो, छातीच्या हाडाला लागून. डावा त्याच्या मागं, डावीकडं कललेला. सतरा वर्षं मी चित्र काढलं होतं, हृदय कधी बघितलंच नव्हतं.

“आजी, बिडी-तंबाखू?”

“मिसरी लावते तेवढी.”

“चूल?”

“चूल कामून? चूल तर हायेच की.”

चूल हायेच. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून. माळवदाचं घर, धूर जायला वर एक भोक. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात त्यातलंच ओलं. मी दहावीला जाईपर्यंत दर साली ऊसतोडीला. तिथं कोपीत पहाटे तीनला उठून पाचट पेटवायचं, त्या धुरात भाकरी थापायच्या, आणि उजाडायच्या आत फडात. उज्ज्वलाचं सिलिंडर आलं तेव्हा त्याला हळदकुंकू वाहिलं, चहा त्याच्यावर व्हायचा, पाहुणे आले तर पोहे. भाकरी चुलीवरच. बिडीला शिवली नाही ती बाई, पण फुप्फुसाची फुंकून बघायची तपासणी केली तेव्हा कागद बिडी ओढणाऱ्याचा असावा तसा निघाला.

पुढं मी वाचलं तेव्हा कळलं, आपल्या देशात हे फार आधी लिहून झालंय. डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती, भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. फुप्फुसाच्या रोगानं उजवं हृदय खचलेल्या दिल्लीतल्या १२७ रुग्णांचा अभ्यास त्यांनी १९५९ साली छापला. धूम्रपान फारसं न करणाऱ्या बायकाही त्यांच्याकडं याच दुखण्यानं येत होत्या, आणि संशयाचं बोट चुलीकडं जात होतं. १९५९. माय तेव्हा जन्मलीही नव्हती.

टूडी इको दुसऱ्या दिवशी झाली. अंधारी खोली, गार जेल, माय म्हणाली, “हे काय चोपडायलेत?” बाईंनी मला स्टुलावर बसवून पडदा दाखवला, मास्तर आहे म्हणून जरा जास्तच. हृदयाचा आडवा छेद दिसत होता. निरोगी हृदयात असा छेद घेतला तर डावा कप्पा गोल दिसतो, आणि उजवा त्याला बिलगून बसलेली चंद्रकोर. कपाळावर लावतात तशी. मायची चंद्रकोर फुगली होती. इतकी, की मधला पडदा तिनं डावीकडं दाबला होता आणि तो गोल एका बाजूनं चपटा झाला होता. “इंग्रजी डी दिसतोय का?” दिसत होता. म्हणजे उजव्याचं दुखणं उजव्यापुरतं राहत नाही. दोघांत भिंत एक, बाहेरची पिशवी एक. उजवा फुगला की डाव्याची जागा खातो.

भिंत मोजली, ७ मिलिमीटर. असायला हवी ३ ते ५. मग दाब. सुई न टोचता दाब कसा कळणार, याचं मला कुतूहल होतं. उजव्या कप्प्याच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. कप्पा ताणला की झडपेचं कडं रुंदावतं, पाकळ्या पुरत्या मिटत नाहीत आणि दर ठोक्याला थोडं रक्त मागं फिस्कारतं. त्या फिस्काऱ्याचा वेग यंत्र मोजतं. वेगाचा वर्ग करायचा, चारनं गुणायचं, की हा कप्पा आणि त्याच्या मागचा, वरचा कप्पा यांच्या दाबातला फरक निघतो. मायचा वेग सेकंदाला ३.५ मीटर. मी तिथंच तोंडी केलं, सव्वाबारा चोक एकोणपन्नास. त्यात मागच्या कप्प्याचा अंदाजे १५ धरला, ६४. निरोगी माणसात हा आकडा २५ च्या आसपास असतो. शेवटचा आकडा टॅप्सीचा. मला आधी ते नटीचं नाव वाटलं. उजवा कप्पा डाव्यासारखा पिळून निघत नाही, तो मुख्यतः लांबीत आखडतो. झडपेचं कडं दर ठोक्याला टोकाकडं किती सरकतं ते मोजायचं. १७ मिलिमीटर तरी पाहिजे. मायचं १३.

पण धूर फुप्फुसात जातो, हृदयाचं काय बिघडतं? हे मी विचारलं. फुप्फुसाची एक शहाणी सवय आहे. ज्या कोपऱ्यात हवा पोचत नाही, तिथली रक्तवाहिनी ते आवळून घेतं. जिथं प्राणवायूच नाही तिथं रक्त पाठवून उपयोग काय? एखादा कोपरा बंद असेल तर हे ठीक. सगळंच फुप्फुस धुरानं गेलेलं असलं की सगळीकडंच आवळतं, आणि बारीक नळ्यांचं जाळंही झिजून कमी झालेलं असतं. मामाला हे मी ठिबकवरून सांगितलं. क्षारानं नळ्या चोकल्या की पाणी मागं दाब धरतं आणि मोटार तापते. मामा म्हणाला, “आन् मोटार बी बोअरची नव्हं, हिरीवरची तीन एचपीची.” अगदी तेच. डाव्या कप्प्याचा दाब १२०, उजव्याचा २५, पण पाणी दोघांना सारखंच काढायचं, मिनिटाला पाचेक लिटर. हळूहळू दाब वाढला तर उजवा भिंत जाड करत वर्षानुवर्षं तग धरतो. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन बसली आणि दाब एकदम वाढला, तर त्याला ती सवड मिळत नाही. काही तासांत खचतो.

दवाखान्यातले आठ दिवस लघवी मोजण्यात गेले. लॅसिक्सची इंजेक्शनं, पाणी मोजून, मीठ बंद. वजन ६१ वरून ५४ वर आलं. सात किलो नुसतं पाणी. एकदा भाच्यानं आजीला बरं वाटावं म्हणून ऑक्सिजनचा काटा दोनवरून पाचवर नेला. तासाभरात माय गुंगीत गेली. सिस्टरनं असा काही आवाज चढवला की भाचा दोन दिवस वॉर्डात आला नाही. अशा फुप्फुसाला प्राणवायू जास्त दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. बोटाचा आकडा ८८ ते ९२ एवढाच ठेवायचा, १०० करायचा नाही. शंभरपैकी शंभर मागायची सवय असलेल्या मास्तराला हे पचायला वेळ लागला.

घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. दिवसातून किमान पंधरा तास नाकात नळी. गावात लाइटीचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टर, आणि त्याच्यावरही भरवसा नाही म्हणून एक सिलिंडर. रोज सकाळी वजन. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे बंद. ठेच्यावरून मात्र महिनाभर भांडण झालं. चुलीवरून तर आयुष्यभराचं झालं असतं, पण ते बाईंनी एका वाक्यात मिटवलं. “आजी, ही नळी नाकात असताना जाळाजवळ गेलात तर तोंड भाजेल.” फुप्फुस, दाब, कप्पा, यातलं काही तिला पटलं नव्हतं. हे पटलं.

दिवाळीनंतर आठवीला तो धडा आला. यंदा फळ्यावर भागवायचं नाही असं ठरवलं होतं. रविवारी खाटकाकडं गेलो. “मास्तर, कलेजी का दिल?” तिथं हा घोळ नेहमीचा. बोलताना आपण काळीज म्हणतो ते हृदयाला, आणि तराजूत पडतं ते यकृत. मायला मात्र दोन्ही सुजलेली होती, तेव्हा तिच्यापुरता शब्द बरोबरच. मी म्हणालो, दिल द्या, दोन द्या, फोडू नका, वरच्या नळ्या ठेवा. “भाजायचं न्हाई?” “बघायचंय.” त्यानं पैसे कमी घेतले.

वर्गात हसं होऊ नये म्हणून एक आधी घरी कापून बघितलं. ओट्यावर ताट, नवं ब्लेड, माय खुर्चीत नळी लावून. आधी बोटानं चेपलं. एक बाजू घट्ट, दुसरी उशीसारखी दबते. दबते ती उजवी. समोरून तिरपी चरबीची रेघ जाते, ती दोन कप्प्यांची शीव. उजव्यातून फुप्फुसाकडं जाणाऱ्या नळीत पेन्सिल घातली, ती सरळ आत उतरली. तिच्या कडेकडेनं कापत खाली गेलो आणि पुस्तकाचं पान उघडावं तसं ते उघडलं.

आत दोन वेगळी घरं आहेत. रक्त येतं ती बाजू आणि खालचं टोक खडबडीत, मांसाच्या दोऱ्यांनी विणल्यासारखं. रक्त जातं ती वाट गुळगुळीत, नरसाळ्यासारखी. येणाऱ्या दारात तीन पाकळ्या, त्यांना पांढरे ताणलेले दोरे, दोरे मांसाच्या खुंट्यांना बांधलेले, छत्रीच्या काड्यांसारखे. जाणाऱ्या दारात तीन अर्धचंद्र खिसे, दोरे नाहीत. दोन दारांच्या मधे मांसाचा बांध. आणि मधल्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत आडवा एक दोर, वलणीसारखा. माणसातही तो असतो, पण जनावरात झकास दिसतो. लिओनार्दो दा विंचीनं बैलाच्या हृदयात बघून तो काढून ठेवलाय. ठोक्याचा विजेचा इशारा पुढच्या भिंतीपर्यंत नेणारी उजवी फांदी याच दोरातून जाते. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले किंग नावाचे डॉक्टर १८३७ साली म्हणाले होते, की कप्पा फार ताणू नये म्हणून हा लगाम आहे, आणि तीन पाकळ्यांची झडप गळते तीही कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखी सोय आहे. लगामाचं डॉक्टर आता तितकंसं मानत नाहीत. मला मात्र मायच्या झडपेचा फिस्कारा आठवला.

मग डावा कापला. ब्लेड अडलं. इतकी जाड भिंत. दोन्ही कापलेल्या कडा शेजारी धरल्या. माय खुर्चीवरून वाकली. आखाडात बोकड सोलायला बसलेल्या माणसांना चुका दाखवणारी बाई ती, किळस वगैरे तिला नाही. बारीक भिंत तिनं चिमटीत धरून बघितली, ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा धरावा तशी.

“माझं हेच बिघडलंय व्हय?”

“हेच.”

“मग येवढुसं कामून ठिवलं देवानं?”

मी म्हणालो, त्याला जवळच जायचं असतं. फळ्यावरचं वाक्य तोंडात आलं ते बाहेर पडूनही गेलं. तिनं भिंत सोडली, ताट पुढं ढकललं आणि सुनेला म्हणाली, दुसरं शाळेत ने म्हणावं, हे शिजवून टाक.

शाळेत चाळीस पोरं टेबलाभोवती. दोघी पोरी बाहेर जाऊन आल्या. नळातून पाणी सोडून उजवा कप्पा भरला, चेपलं, वरच्या नळीतून चिळकांडी उडाली ती थेट मुख्याध्यापकांच्या पँटवर. नंतर मी ती नळी चिमटीत अर्धी दाबून धरली आणि एका पोराला चेपायला सांगितलं. कप्पा त्याच्या हातात फुगला. “सर, निघंनाच की.” तेवढंच मला दाखवायचं होतं. मग विचारलं, कुणाच्या घरी चूल आहे? एकवीस हात वर आले. हे सरकारी कागदावर वेगळं दिसत असेल, माझ्या वर्गात एकवीस होते.

चैत्रात पुन्हा इको झाली. वेग ३.२, मागच्या कप्प्याचा आता ८ च धरून दाब हिशेबानं ४९, टॅप्सी १५. बाई म्हणाल्या, फुप्फुस पहिल्यासारखं होणार नाही, पण कप्प्यानं थोडा श्वास घेतलाय. मायनं फक्त विचारलं, ठेचा चालंल का.

यंत्र ओसरीत आहे. नळी सैपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचते, पुढं नाही. तिथं ती पाट टाकून बसते आणि गॅसवर भाकरी फुगत नाही, तवा तापला नाही, पीठ सैल झालं, असं बायकोला सांगत राहते. मला रोज एकच म्हणते, लातूरला गेलास की दोन हात नळी वाढवून आण. मी अजून आणली नाही.